मोठ्या बँडना पुढचा अल्बम इतका जड का जातो?

डिसेंबर 1994 मध्ये मँचेस्टरच्या द स्टोन रोझेस या बँडचा दुसरा अल्बम इंग्लंडच्या दुकानांत आला. पहिला आला होता मे 1989 मध्ये. गिटारची गाणी आणि डान्स क्लबचा ठेका यांची त्या पहिल्या अल्बमच्या काळात त्यांनी अशी सांगड घातली, की तिथले कितीतरी नवे बँड पुढे त्याच वाटेने चालले. मे 1990 मध्ये स्पाइक आयलंडवर त्यांना ऐकायला हजारोंनी पोरं लोटली. मग नुसतीच वाट बघणं सुरू झालं, तेही वर्षानुवर्षं. शेवटी अल्बम हातात पडला तेव्हा त्याचं नाव होतं 'सेकंड कमिंग', आणि बहुतेकांचे चेहरे उतरले. अल्बम वाईट नव्हता. जॉन स्क्वायरची गिटार तर त्यात आधीपेक्षा तयारीची आहे. पण ज्यासाठी लोक थांबले होते ते त्यात नव्हतं. पुढच्या दोन वर्षांच्या आत बँड मोडला.

असं एकट्या स्टोन रोझेसचंच झालेलं नाही. एखादा बँड एक अल्बम करतो आणि संगीताची दिशाच बदलून टाकतो. नंतर तीच माणसं, तीच वाद्यं, पैसा उलट जास्त, आणि तरी काही केल्या ते पुन्हा जमत नाही.

आमच्या बेळगावात हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं भरपूर, त्यामुळे दर दोन-चार वर्षांनी पोरांचे नवे बँड उभे राहतात. टिळकवाडीत किंवा शहापुरात कुणाच्या तरी माडीवर ड्रमसेट लागतो, आणि शेजारी ओरडले की खिडक्यांना गाद्या लावल्या जातात. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड, गल्लोगल्ली गणपतीचे ढोल, चोर्ला घाट उतरला की गोवा, असं सगळीकडून संगीत कानावर पडत असतं. माझा भाचा अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवतो. एकदा 'काय ऐकूलास मामा?' म्हणत शेजारी बसला, स्टोन रोझेसचे दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले आणि विचारलं, 'माणसं तीच की. मग बिघडलं कुठं?'

मला वाटतं, 'माणसं तीच' इथेच गफलत आहे. जमलेला अल्बम माणसांइतकाच त्या वेळच्या परिस्थितीने केलेला असतो. अल्बम गाजला की पहिला बळी त्या परिस्थितीचा जातो.

पहिल्या अल्बममागची वर्षं

पहिल्या अल्बमची गाणी एका वर्षात लिहिलेली नसतात. सोळाव्या वर्षी सुचलेली चाल, विसाव्या वर्षी सापडलेले शब्द, कॉलेज सोडल्यावर बदललेला ठेका, असं सगळं त्यात जमा झालेलं असतं. शिवाय ती गाणी लोकांसमोर घासूनपुसून निघालेली असतात. छोट्या हॉलमध्ये पन्नास माणसांपुढे वाजवताना कळतं, की दुसरं कडवं लांबतंय, इथे लोक पाणी प्यायला उठतात, इथे मात्र मान डोलते. स्टुडिओत जाण्याआधीच गाण्याची अशी छाटणी झालेली असते.

याचं मोठं उदाहरण पहिल्या अल्बमचं नाही, पण तत्त्व तेच आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' मार्च 1973 मध्ये आला. ती सगळी मालिका त्यांनी जानेवारी 1972 पासून, म्हणजे वर्षभराहून जास्त काळ, मैफलींतून वाजवलेली होती. रेकॉर्ड निघायच्या आधीच श्रोत्यांनी ती ऐकून, नकळत दुरुस्त करून दिली होती. अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत हा अल्बम 1988 पर्यंत एकूण 741 आठवडे टिकला, त्यामागे ही वर्षभराची छाटणी आहे असं मी मानतो.

दुसऱ्या वेळी हे सगळं उलटं होतं. बँड वर्षभर दौऱ्यावर असतो आणि जुनीच गाणी रोज वाजवतो. रोज बस, हॉटेल, मुलाखत. नवं काही सुचलंच तर ते लोकांपुढे वाजवून बघायची सोय नाही, कारण लोक जुन्या गाण्यांसाठी पैसे मोजून आलेले असतात. मग दौरा संपल्यावर कंपनी विचारते, पुढचा कधी? स्टुडिओत पाऊल ठेवताना हातात अर्धवट तुकडे असतात, आणि आयुष्य काय जगलो म्हणाल तर हॉटेलच्या खोल्या. नामांकित बँडच्या दुसऱ्या-तिसऱ्या अल्बममध्ये प्रसिद्धीचा कंटाळा आणि दौऱ्याचा थकवा यांवरची गाणी एवढी का असतात, त्याचं उत्तर यातच आहे.

हे मी अगदी जवळून पाहिलं आहे, पण रॉकमध्ये नाही, खानापूर तालुक्यातल्या भजन स्पर्धांत. तिथे रोप लावणी संपली की रात्रीची जेवणं आटोपून मंडळी देवळात जमतात. पेटीवर बुवा, बाजूला पखवाज, मागे टाळकरी. एकच अभंग महिनाभर घोळतात. बुवा एका ओळीवर अडून बसतात, पखवाजवाला तिहाई बदलून बघतो, मागच्या रांगेतला एखादा पोरगा स्वर सोडतो म्हणून त्याला पुढे ओढून बसवतात. पावसाने वीज गेली तरी कंदील लावून चालूच. आणि मग एखाद्या वर्षी स्पर्धेत त्यांचा गजर असा उठतो, की मांडवातली माणसं उभी राहतात. पहिलं बक्षीस.

पुढच्या वर्षी काय होतं? या मंडळाला गावोगावची आमंत्रणं येतात. सप्ताह, जत्रा, वास्तुशांत. सगळीकडे तोच अभंग, तोच गजर, कारण लोकांना तोच हवा असतो. पखवाजवाल्याला दुसरी दोन मंडळं बोलावू लागतात. देवळातली रात्रीची बैठक आधी आठवड्यावर येते, मग बंदच पडते. स्पर्धा जवळ आली की घाईघाईने नवा अभंग बसवला जातो. गळे तेच असतात, पण कंदिलाच्या उजेडातला तो महिना आता कुणाकडे नसतो. परीक्षकही आता 'हे मागच्या वर्षीचे पहिले' म्हणूनच कान टवकारतात. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि त्याला ते स्टोन रोझेसपेक्षा लवकर पटलं, कारण त्याचे आजोबा अशाच एका मंडळात टाळ धरायचे.

पैशाचा हिशेब

रेकॉर्ड कंपनी बँडला आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते. अल्बम विकला गेला की बँडच्या वाट्याच्या मानधनातून ती आधी वळती होते. स्टुडिओचं भाडंही बहुतेक करारांत याच खात्यावर पडतं. ते फिटेपर्यंत बँडच्या हाती मानधनाचं काही पडत नाही, आणि करारात पुढच्या इतक्या अल्बमांची बांधिलकी आधीच लिहिलेली असते. पहिला करार करताना पोरं वीस-बावीस वर्षांची असतात. कागदावर सही करायची घाई असते, वकील परवडत नाही.

स्टोन रोझेसच्या बाबतीत हाच करार कोर्टात गेला. त्यांना सिल्व्हरटोन कंपनी सोडायची होती, कंपनी सोडेना. मे 1991 मध्ये कोर्टाने करार अन्यायकारक ठरवून बँडला मोकळं केलं. मग गेफेन या अमेरिकन कंपनीने मोठी रक्कम देऊन त्यांना घेतलं. इथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते ती अशी की, कोर्टकचेरीत गेलेला काळ नेमका तोच होता, ज्यात बँड तापलेला होता. नंतर पैसा आला, घाई संपली, संसार सुरू झाले. वेल्समधल्या स्टुडिओत महिनोन्‌महिने गेले. पहिला अल्बम घडवणारा निर्माता जॉन लेकी मध्येच काम सोडून निघून गेला. पहिल्या वेळी गायक इयन ब्राउन आणि स्क्वायर यांनी मिळून लिहिलेली गाणी होती. दुसऱ्या वेळी बहुतेक गाणी एकट्या स्क्वायरची. ड्रमर रेनीचा तो लवचीक, नाचरा ठेका मोठ्या गिटारखाली दबला. म्हणजे 'माणसं तीच' हे अल्बमच्या पाठीवर छापलेल्या नावांपुरतंच खरं होतं. त्यांची आपसांतली जुळणी बदलून गेली होती.

'स्माइल': सगळं हाताशी असून

काही वेळा घाई नसते, पैसा नसणं हे कारण नसतं, प्रतिभेची तर बातच सोडा, तरी काम तडीला जात नाही. अशी सगळ्यात दुःखद आणि सगळ्यात शिकवणारी गोष्ट बीच बॉईजची आहे.

कॅलिफोर्नियाचा हा भावाभावांचा बँड. समुद्र, गाड्या, सुट्टी यांवरची गोड गाणी गायचा. डिसेंबर 1964 मध्ये विमानात भीतीचा झटका येऊन बँडची गाणी रचणारा ब्रायन विल्सन कोसळला, आणि नंतर त्याने दौऱ्यावर जाणंच सोडलं. बाकीचे जगभर गात फिरायचे, ब्रायन घरी राहून संगीत रचायचा. बीटल्सचा 'रबर सोल' ऐकून त्याला वाटलं, आपणही असा अल्बम करावा ज्यात एकही भरतीचं गाणं नसेल. 1966 च्या जानेवारीत बँड जपानला गेला असताना त्याने लॉस एंजेलिसच्या कसलेल्या वादकांना घेऊन काम केलं, आणि मे 1966 मध्ये 'पेट साउंड्स' आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं आलं. हे गाणं त्याने वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी, महिनोन्‌महिने ध्वनिमुद्रित केलं आणि मग फिती कापून जोडलं.

पुढचा सबंध अल्बम याच पद्धतीने करायचा त्याने ठरवलं. नाव 'स्माइल', शब्द व्हॅन डाइक पार्क्सचे. आता कल्पना करा: डझनावारी तुकडे, प्रत्येकाच्या पाच-सहा आवृत्त्या, आणि कुठला कुठे जाईल हे ठरलेलं नाही. आज संगणकावर हे तुकडे पुढे-मागे सरकवून क्षणात ऐकता येतात. तेव्हा प्रत्येक प्रयोगासाठी ब्लेडने फीत कापायची, चिकटपट्टीने जोडायची, ऐकायची, पुन्हा कापायची. एका गाण्यात हे जमलं होतं. अख्ख्या अल्बमला ते पेलवेना. एका गाण्याला पुरलेली पद्धत अल्बमला पुरत नाही, हे आधी कळण्याचा मार्गही नव्हता, कारण तसं त्या आधी कुणी केलंच नव्हतं.

त्यात दौऱ्यावरून परतलेल्या भावंडांना ही गाणी समजेनात. बँडमधला गायक माइक लव्ह याने पार्क्सच्या शब्दांना उघड हरकत घेतली. पार्क्स निघून गेला. मानधनावरून बँडने कॅपिटल कंपनीवर दावा लावला. ब्रायनची मनःस्थिती ढासळत होती, अमली पदार्थ होतेच. कंपनीने अल्बमची वेष्टनं लाखांनी छापून ठेवली होती, अल्बम मात्र तयार नव्हता. मे 1967 मध्ये 'स्माइल' सोडून दिल्याचं जाहीर झालं. काही आठवड्यांतच बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि जगाने तिकडे मान वळवली. सप्टेंबरमध्ये बीच बॉईजनी बहुतांश घरच्या स्टुडिओत केलेला 'स्माइली स्माइल' काढला. छोटा, विरळ, विचित्र अल्बम. 'पेट साउंड्स'नंतर लोकांना तो म्हणजे पडझड वाटला.

पण खरा निकाल लागला 2004 मध्ये. ब्रायनच्या नव्या बँडमधल्या डॅरियन सहानाजाने जुने तुकडे लॅपटॉपवर घेतले, ब्रायन शेजारी बसला, पार्क्सही परत आला. क्रम लागला, अपुऱ्या जागा भरल्या गेल्या. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेब्रुवारी 2004 मध्ये ते सगळं प्रथम वाजलं, आणि त्याच वर्षी नव्याने ध्वनिमुद्रित होऊन अल्बमही निघाला. 37 वर्षं अडलेली गोष्ट सुटली, तेव्हा कळलं की संगीत सुरुवातीपासून होतंच. कमी होतं ते जुळणीचं साधन, आणि सोबत बसून धीर देणारं माणूस. 'ब्रायन संपला' असं म्हणणाऱ्यांनी किती मोठा अन्याय केला, हे मला या कथेत फार लागतं.

आकड्यांचा भाग, ज्याकडे रसिक बघत नाहीत

इथे थोडं गणित लागतं, पण अवघड नाही.

1886 मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आईबाप आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. त्याला दिसलं, की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत. ती सरासरीकडे झुकतात. याला कुणाचा दोष नसतो. टोकाची कुठलीही गोष्ट घडते तेव्हा त्यात गुण असतो आणि योगायोगही असतो. गुण पुढे टिकतो, योगायोग टिकेलच असं नाही.

चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे गाल्टनशिवायही कळतं. एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर, बेणं चांगलं, कीड नाही, तोडणीही वेळेत. उसाचा एकरी उतारा आजवर कधी नव्हता असा येतो. पुढच्या वर्षी तो तसा आला नाही म्हणून 'याला आता शेती जमत नाही' असं कुणी म्हणत नाही. बँडच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

यात अजून एक गोम आहे. कुणाच्या दुसऱ्या अल्बमची चर्चा होते? ज्यांचा आधीचा विलक्षण होता त्यांची. ज्यांचा पहिला अल्बम बेताचा आणि दुसराही बेताचा, असे हजारो बँड आहेत, त्यांच्याविषयी कोण लेख लिहिणार? म्हणजे आपण मोजायला सुरुवातच शिखरावरून करतो. शिखरावरून कुठेही पाऊल टाकलं तरी ते खालीच पडणार. 'मोठे बँड नंतर घसरतात' या समजुतीचा बराचसा भाग आपण कुणाला निवडून बघतो त्यातूनच तयार झाला आहे.

ऐकणाराही तो राहिलेला नसतो

हे मला सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण वाटतं.

नवी वाट पाडणारा अल्बम आपले कान बदलतो. आयर्लंड-इंग्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'लव्हलेस' नोव्हेंबर 1991 मध्ये आला. बँडचा म्होरक्या केव्हिन शील्ड्सने तो करायला दोन वर्षांहून जास्त काळ घेतला, स्टुडिओ बदलत गेला, ते सुमारे 19 झाले. गिटारला लावलेल्या सूर वाकवणाऱ्या दांडीने ताणलेला, डुलणारा, ढगासारखा पसरणारा तो आवाज आधी कुणी ऐकला नव्हता. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की कॅसेट खराब आहे. मग हळूहळू त्या गोंगाटाखालची चाल वर येते. क्रिएशन या कंपनीने बँडला सोडून दिलं, दुसऱ्या कंपनीने पैसे दिले, शील्ड्सने घरी स्टुडिओ बांधला. पण हाती काही लागलं नाही. पुढचा अल्बम आला फेब्रुवारी 2013 मध्ये, बँडच्याच वेबसाइटवर. गर्दीने ती वेबसाइट त्या रात्री कोलमडली.

त्या 21 वर्षांत काय झालं होतं? 'लव्हलेस' ऐकून शिकलेल्या पोरांचे अगणित बँड जगभर झाले होते. तो आवाज काढून देणारी गिटारची पेडलं दुकानात मिळू लागली होती. 1991 मध्ये जे कानांना धक्का देत होतं ते 2013 मध्ये कानांच्या सवयीचं झालं होतं, आणि ही सवय त्याच अल्बमने लावली होती. नवा अल्बम तेवढाच चांगला असता तरी तो धक्का परत बसणं शक्यच नव्हतं.

स्टोन रोझेसचं तर याहून वाईट झालं. ते अडकलेले असताना त्यांच्याच गावची, त्यांना ऐकत वाढलेली पोरं पुढे आली. ओएसिस या बँडचा पहिला अल्बम ऑगस्ट 1994 च्या अखेरीस आला, 'सेकंड कमिंग'च्या साधारण तीन महिने आधी. गुरू घरी परतेपर्यंत शिष्यांनी घर भरून टाकलं होतं.

वाट सोडणारे

काहींनी यावर उपाय शोधला तो असा, की जिथे तुलना होईल तिथे उभंच राहायचं नाही.

रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' 1997 मध्ये आला आणि गिटार बँडांचा शेवटचा मोठा शब्द म्हणून त्याचा गौरव झाला. गायक टॉम यॉर्कला त्यानंतर काही लिहवेना. पॅरिस, कोपनहेगन, मग इंग्लंडमधलं खेडं, असं फिरत बँडने काम केलं. गिटार बऱ्याच ठिकाणी बाजूला ठेवली, सिंथेसायझर आणि कापलेले आवाज घेतले. ऑक्टोबर 2000 मध्ये 'किड ए' आला, त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, काढलं नाही. तेव्हा अनेक समीक्षक गोंधळले, काही चिडले. तरी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, आणि दशक संपताना त्याच दशकाचा श्रेष्ठ अल्बम म्हणून अनेकांनी त्याला निवडलं.

फ्लीटवुड मॅक या बँडने हेच आधी केलं होतं, पण त्यांना किंमत मोजावी लागली. 'रूमर्स' फेब्रुवारी 1977 मध्ये आला आणि जगभर कोट्यवधींनी खपला. त्यांचा गिटारवादक लिंड्सी बकिंगहॅम याला त्याची नक्कल करायची नव्हती. ऑक्टोबर 1979 मध्ये 'टस्क' हा दुहेरी अल्बम आला, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. शीर्षकगीतात कॉलेजच्या मिरवणूक बँडला बेसबॉलच्या स्टेडियममध्ये उभं करून वाजवून घेतलं आहे. चाळीस लाखांच्या आसपास प्रती खपूनही कंपनीने त्याला अपयश म्हटलं. कॅम्पातल्या परेडचा बँड ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना तो पितळी वाद्यांचा दणका फार आवडतो. मला 'टस्क' 'रूमर्स'पेक्षा जवळचा वाटतो, आणि हे मत मी कुणाशीही वाद घालून टिकवायला तयार आहे.

पिंक फ्लॉइडने तिसराच मार्ग काढला. 'डार्क साइड'नंतर त्यांनी घरातल्या वस्तूंवर, रबरबँड आणि काचेचे पेले अशांवर, अल्बम करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग स्वतःची रिकामी झालेली अवस्था आणि बँड सोडून गेलेला जुना साथी सिड बॅरेट, हाच विषय घेऊन सप्टेंबर 1975 मध्ये 'विश यू वेअर हियर' केला. त्या सोडलेल्या प्रयोगातले काचेच्या पेल्यांचे सूर या अल्बमच्या सुरुवातीला ऐकू येतात.

आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचं उदाहरण घ्या. 'कंदिसा' हा त्यांचा अल्बम 2000 मध्ये आला. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना, नर्मदेवरचं गाणं, तबला आणि गिटार, हे एकत्र इतकं सहज आधी वाजलं नव्हतं. पुढचे अल्बम चांगले होते, पण लोकांच्या तोंडी राहिला 'कंदिसा'च. डिसेंबर 2009 मध्ये तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या जागी दोन माणसं आली तरी तो एक माणूस भरून निघाला नाही. 2010 मध्ये बँडने पुढचा अल्बम दरमहा एक गाणं असा फुकट वाटला. त्यात असीमदांचा आवाज आहे, आणि तो ऐकताना मी तरी 'कंदिसा'शी तुलना करत नाही.

सुळेभावीचा मुलगा

बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला. लहानपणीच थोर गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा, म्हणून कुमार गंधर्व झाला. तरुणपणीच गाजलेल्या या गायकाला क्षयाने गाठलं. 1948 मध्ये ते हवापालटासाठी देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद राहिलं. त्या सक्तीच्या शांततेत माळव्यातल्या बायकांची गाणी, भिकाऱ्यांची निर्गुणी भजनं त्यांच्या कानांवर पडत राहिली. पुन्हा उभे राहिले ते एका फुप्फुसावर, तुटक, धारदार, पूर्वी कुणी न ऐकलेलं गाणं घेऊन. जुन्या जाणत्यांना ते खटकलंही.

बँडच्या प्रश्नाकडे बघायला मला कुमारजींचा उपयोग होतो, कारण ख्यालगायनाचे नियम वेगळे आहेत. इथे तोच राग चाळीस वर्षं गायला तरी 'नवीन काय?' असं कुणी विचारत नाही. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सुरांची खरी कीर्ती उतारवयात पसरली, ते वर्षानुवर्षं गायलेले तेच दुर्मिळ राग गात गात. अल्बमच्या जगात गाणं एकदा छापलं की ते गोठतं. पुन्हा तसंच केलं तर नक्कल म्हणतात, बदललं तर हरवले म्हणतात. आणि काही वर्षं गप्प बसायची मुभा तर जवळपास कुणालाच नसते. कुमारजींना ती आजाराने दिली, हे त्यांच्या वाट्याचं दुःख. पण त्या काळात कुणी करार पुढे करून दारात उभं नव्हतं, हेही खरं.

ज्यांना स्वतः ऐकून ठरवायचं आहे त्यांनी जुना अल्बम आधी ऐकू नये, असं मी सुचवेन. 'सेकंड कमिंग' थेट लावा. पहिलंच गाणं अकरा मिनिटांहून मोठं आहे, त्याच्या सुरुवातीचे पाण्याचे आणि जंगलाचे आवाज संपेपर्यंत धीर धरा. 'टस्क' एका बैठकीत होत नाही, दोन भागांत ऐका. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 2013 चा अल्बम शेवटापासून सुरू केला तरी चालेल, कारण शेवटच्या गाण्यात विमानाच्या घरघरीसारखा जो आवाज आहे तो 'लव्हलेस'मध्ये कुठेही नाही. 'स्माइल'साठी 2004 चा ब्रायन विल्सनचा अल्बम आधी, मग 1967 चा 'स्माइली स्माइल', आणि मग 2011 मध्ये निघालेला मूळ तुकड्यांचा संच. तो पाच सीडींचा आहे, त्यातली पहिली सीडी पुरे. बाकीच्यांत तेच तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून बघणारे वादक आणि मध्येच त्यांना थांबवणारा ब्रायनचा आवाज आहे.